पाच कंदील आणि एक मेणबत्ती

घरात एक कंदील आणायला माणसाला किती वेळ लागावा? तुम्ही म्हणाल, कोपऱ्यावर दुकान असेल तर दहा मिनिटं, आणि दुकानदार बोलका असेल तर पंधरा. बरोबर आहे. पण तुम्ही वजनमापे खात्यात निरीक्षक नाही. काटेसाहेब आहेत. त्यांना बेचाळीस दिवस लागले, आणि त्या बेचाळीस दिवसांत त्यांच्या घरात जेवढी आदळआपट झाली तेवढी आधीच्या चोवीस वर्षांच्या संसारात मिळून झाली नव्हती.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. दुकानादुकानांतून तराजूचे काटे तपासत, मापांवर शिक्के मारत अठ्ठावीस वर्षं हिंडल्यावर हे नाव त्यांना चिकटलं आणि खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं. जगातली प्रत्येक वस्तू तिच्यावर लिहिलेल्यापेक्षा थोडी कमीच भरते, हा त्यांचा अनुभव होता. दुर्दैवानं तो खरा होता, त्यामुळे त्यांचं डोकं कायम तापलेलं असे. बिस्किटांचा पुडा आणला तरी हा माणूस आधी बिस्किटं मोजतो आणि मग खातो.

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत सिस्टर म्हणते, कारण त्या इस्पितळात परिचारिका आहेत. यंदा त्या मेट्रनच्या पदासाठी खात्याच्या परीक्षेला बसणार होत्या. पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्यांदा खुद्द काटेसाहेबांना कावीळ झाली. ही तिसरी आणि शेवटची खेप, कारण पुढच्या वर्षी त्या वयाच्या अटीत बसणार नव्हत्या. इस्पितळ, स्वयंपाक आणि सासूबाईंच्या गोळ्या उरकून त्या पुस्तक उघडायच्या संध्याकाळी सात वाजता. आणि नेमकी त्याच आठवड्यात इमारतीच्या दाराशी नोटीस लागली, की उपकेंद्राच्या दुरुस्तीसाठी रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ वीज बंद राहील. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. खाली सहकार्याबद्दल आभार मात्र मानले होते. कुणी सहकार्य देऊ केलं होतं, देव जाणे.

"अहो, येताना एक कंदील आणा," सिस्टर म्हणाल्या.

"आणतो," काटेसाहेब म्हणाले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानदाराला काटेसाहेब चांगले ठाऊक होते. त्याच्या भावाचं शेजारचं वाण्याचं दुकान त्यांनी मागच्या वर्षी तीन दिवस बंद ठेवायला लावलं होतं. दुकानदारानं एक सेलवरचा कंदील काढून समोर ठेवला.

"हा घ्या साहेब. दहा तास चालतो."

"कशावरून?"

"खोक्यावर लिहिलंय ना."

"खोक्यावर लिहिलेलं खरं असतं, तर सरकारनं मला पगार कशाला दिला असता?"

दुकानदारानं क्षणभर विचार केला. भावाचे तीन दिवस त्याला आठवले असावेत. मग तो अतिशय गोड आवाजात म्हणाला, "मग साहेब, तुम्हीच का नाही तपासत? हा न्या. हा चार्जिंगचाही न्या. हा सोलर, हा सोलरमध्ये रेडिओवाला, आणि हा हँडल फिरवायचा. बघा, तपासा, जो खरा निघेल तो ठेवा. बाकीचे परत आणा. तुमच्यासारख्या जाणकारानं तपासलेला माल म्हटलं की माझंही गिऱ्हाईक वाढेल."

सूड घ्यावा तो असा. शत्रूला मारायला त्याच्याच हातात काठी द्यावी.

काटेसाहेब पाच खोकी छातीशी धरून हनुवटीनं सावरत जिना चढले. सिस्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी पुढे होऊन दोन खोकी हातात घेतली.

"पाच? अहो, एक पुरला असता!"

"एकही घेतलेला नाही. हे तपासणीसाठी आहेत."

"बरं. मग आज कुठला लावू?"

"आज कुठलाच नाही. आधी मूळ स्थितीची नोंद करायला हवी."

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि मेणबत्ती लावून पुस्तक उघडून बसल्या. पहिल्या दिवशी कुणी चिडलं नाही, हे इथं नमूद करून ठेवतो. पुढे अशी संधी मिळणार नाही.

वरच्या मजल्यावर वीज खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर राहतात. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी असतो, त्याला खाली उतरायला वेळ लागतो. हे पायजम्यात दोन मिनिटांत खाली हजर होतात.

"सेलचा घेऊ नका," ते पाची खोक्यांवरून हात फिरवत म्हणाले. "सेल गळतात. चार्जिंगचा घेऊ नका, बॅटरी फुगते. सोलर तर मुळीच नको, ढग येतात."

"मग घेऊ काय?"

"ते मी सांगितलं असतं, पण तुम्ही ऐकणार नाही."

काटेसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओव्हरसियर वयानं मोठे. त्यांनी वहीत पाच रकाने आखले आणि कामाला सुरुवात केली.

चार्जिंगच्या कंदिलाच्या कागदावर लिहिलं होतं, की पहिल्या वापराआधी तांबडा दिवा जाऊन हिरवा लागेपर्यंत सलग चार्ज करावा, मध्ये खंड पडल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. कंदिलाला हिरवा व्हायला लागत होते चोवीस तास. वीज सलग राहत होती साडेएकवीस तास. काटेसाहेब रोज साडेनऊला तो लावत आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता तो तांबडाच्या तांबडा विझे. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "अहो, तांबडा तर तांबडा. लावून तर बघा, उजेड पडतो का." काटेसाहेब म्हणाले, "सूचनेत स्पष्ट नाही म्हटलंय." सूचना छापणाऱ्या माणसाचा त्यांना एवढा राग आला होता, की त्याची एकही सूचना ते मोडायला तयार नव्हते. त्याला पळवाट मिळता कामा नये.

सोलरचं घोडं गच्चीत अडलं. त्यांच्या बाल्कनीत ऊन येत नाही, समोरच्या इमारतीच्या पाठीचा ओलसर वास तेवढा येतो. म्हणून कंदील गच्चीत ठेवायचा, आणि गच्चीची किल्ली इमारतीच्या चिटणिसांकडे. हे चिटणीस एका शाळेत कारकून होते आणि घरी आल्यावरही कारकूनच राहत.

"गच्चीत फक्त तीन गोष्टींना परवानगी आहे," त्यांनी नियमांची वही उघडून वाचून दाखवलं. "कपडे, गाद्या आणि पाण्याची टाकी. कंदील कशात बसतो?"

"कशातच नाही. तो कंदील आहे."

"मग अवघड आहे."

"अहो, माझ्या बायकोची परीक्षा आहे! सत्तावीस दिवस राहिलेत!"

चिटणीस हेलावले. कारकून असले तरी माणूसच. त्यांनी खूप विचार करून तोडगा काढला आणि अर्जावर शेरा मारला, की सदर कंदिलास गादी समजून परवानगी देण्यात येत आहे. गाद्यांची वेळ अकरा ते एक. गादी दोरीवरच टाकली पाहिजे आणि तिच्यावर घराचा क्रमांक हवा. त्यामुळे दोन सोलर कंदील रोज दोन तास कपड्यांच्या दोरीला उलटे लटकू लागले, त्यांचं ऊन पिणारं तोंड जमिनीकडे आणि घराचा क्रमांक आकाशाकडे. आठवड्यानंतर त्यातला एक साडेतीन मिनिटं पेटला. वहीत काटेसाहेबांनी 'खोक्यावर: आठ तास' असं लिहून पुढे इतक्या जोरात फुली मारली, की मागच्या तीन पानांवर ती उमटली.

दुसऱ्या सोलरला रेडिओ होता म्हणून तो काटेसाहेबांच्या आईनं ताब्यात घेतला. आई ऐंशीच्या, कानानं कमी, जिभेनं पुरेपूर. एके संध्याकाळी सव्वासातला, अंधारात बातम्या शोधता शोधता त्यांनी लाल बटण दाबलं. ते सायरनचं होतं. इमारत नव्हे, गल्ली दणाणली. सगळे मजले अंधारात जिन्यावरून धावत सुटले. चिटणीस एका पायात चप्पल घालून नियमांची वही घेऊन आले. कुणी पाण्याची बादली आणली. कुणी विचारत होतं, चोर कुठे आहे? आणि काटेसाहेब काय करत होते? सायरन बंद करायचं सोडून टॉर्चच्या उजेडात मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते! अखेर तो आचका देऊन थांबला तेव्हा ते जमलेल्या लोकांना हात वर करून ओरडून म्हणाले, "चौदा! खोक्यावर वीस मिनिटं लिहिलंय, आणि चौदा! बघितलंत? सगळे साक्षीदार आहात!"

त्या सगळ्या कोलाहलात सिस्टर स्वयंपाकघरात कानांत कापसाचे बोळे घालून मेणबत्तीपुढे वाचत होत्या. पान उलटताना पुढे आलेली बट ज्योतीत गेली आणि चुरचुरली. त्यांनी ती दोन बोटांनी विझवली आणि पान उलटलं.

हँडलच्या कंदिलाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगतानाही मला राग येतो. हँडल एक मिनिट फिरवलं की कंदील काही वेळ जळतो, असा दावा होता. काही वेळ म्हणजे किती, ते काटेसाहेब मोजत होते. ओव्हरसियर खाली आले आणि म्हणाले, "असं नसतं फिरवायचं. द्या इकडे." दोन फेऱ्यांत हँडल त्यांच्या हातात आलं. कंदील टेबलावर, हँडल हातात, आणि ओव्हरसियर म्हणतात, "बघा, म्हणून मी म्हणत होतो, हा घेऊ नका."

"मी तपासत होतो! तुम्ही मोडलात!"

"अहो, तपासणीत मोडला म्हणजे तपासणी यशस्वी झाली."

शब्दानं शब्द वाढला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. सल्ले मात्र चालू राहिले, ते आईंच्या मार्फत येऊ लागले. आई ते अर्धे ऐकत आणि उरलेले स्वतःचे घालून पोचवत.

आता तुम्हाला वाटेल, माणूस थकला असेल. अजिबात नाही. जितका अपमान होई तितका त्यांचा निर्धार पक्का होई. वीज नक्की आणखी किती दिवस जाणार आहे हे कळल्याशिवाय किती ताकदीचा कंदील घ्यावा हे ठरत नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून रजा टाकून ते वीज कार्यालयात गेले.

"तक्रार आहे की चौकशी?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"चौकशी."

"चौकशीची खिडकी बंद आहे."

"मग तक्रार. आमच्याकडे रोज सात ते साडेनऊ वीज नसते."

"आत्ता आहे का?"

"आत्ता सकाळचे अकरा वाजलेत. आत्ता आहे."

"मग तक्रार कसली? वीज नसताना तक्रार करायची असते."

"वीज नसते तेव्हा तुमचं कार्यालय बंद असतं!"

"सात वाजता आम्ही इथं कसे असणार?" बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "अंधार असतो."

काटेसाहेबांनी खिडकीच्या फळीवर मूठ आपटली. "मी स्वतः सरकारी अधिकारी आहे!"

"मग तुम्हाला तर हे माहीतच असायला हवं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

ते घरी आले ते धुमसतच. सिस्टर नुकत्याच इस्पितळातून येऊन भात लावत होत्या. काटेसाहेबांनी झाला प्रकार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला, मग चुकून गाळलेला भाग आठवला म्हणून मधूनच पुन्हा सांगितला. सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज तेरा दिवस राहिलेत. माझी सहा प्रकरणं व्हायचीत. काल पुस्तकावर मेण सांडलं, औषधसाठ्याचं अख्खं पान चिकटलं. डोळे चुरचुरतात. मला एवढंच सांगा, त्यातला एखादा तरी कंदील पेटतो का?"

"पेटतात सगळेच."

"मग द्या ना एक."

"उद्या अंतिम चाचणी आहे. परवा घे. खात्रीचा देतो."

अठ्ठावीस वर्षं प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसाचा हाच घोळ असतो. त्याला कमी भरलेली वस्तू घरात आणायची लाज वाटते. बायकोला हलका कंदील देणं म्हणजे तिची फसवणूक, असं त्यांना मनापासून वाटत होतं. प्रेमच होतं ते. पण त्या प्रेमाला अंधारात वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काटेसाहेबांनी पाची कंदील जेवढे भरता येतील तेवढे भरले. चार्जिंगचा अखेर शेजारच्या गल्लीतल्या एका मित्राकडे नेऊन हिरवा करून आणला, तिथं वीज जात नव्हती. सोलर त्यांनी स्वतः गच्चीत उभं राहून हातात धरून उन्हाला दाखवले. मोडक्या हँडलला चिकटपट्टी लावली. सात वाजता वीज गेली आणि आतल्या खोलीत टेबलावर पाच कंदील एका ओळीत पेटले. कुणी येऊन जाऊन हवा हलू नये, कुणाची सावली पडू नये, म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर कागद चिकटवला: 'चाचणी चालू आहे. आत येऊ नये.' दर अर्ध्या तासानं ते बोटभर फट उघडून आत बघत आणि बाहेर खुर्चीत बसून टॉर्चनं वहीत नोंद करत.

दिव्याखाली अंधार ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाच दिवे बंद खोलीत उजळून बाहेर सगळं घर अंधारात ठेवायचं, हे करायला शिकलेला माणूसच लागतो.

आठ वाजले तेव्हा सिस्टरांची मेणबत्ती संपली. घरातली ती शेवटची होती. त्या चाचपडत बाहेरच्या खोलीत आल्या. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडली होती, चांगली पांढरी, बोट दीड बोट रुंद. सिस्टर जमिनीवर पालथ्या झाल्या आणि वही त्या पट्टीत धरून एकेक ओळ सरकवत वाचू लागल्या. वय एकोणपन्नास. सकाळपासून आठ तास उभं राहून काम केलेलं.

काटेसाहेब खुर्चीतून म्हणाले, "अगं, जरा मागे हो. दाराला धक्का लागेल."

सिस्टर मागे झाल्या नाहीत. त्यांनी जमिनीवरूनच विचारलं, "माझं जाड पुस्तक सापडत नाहीये. तुम्ही पाहिलंत का?"

"आत आहे."

"आत?"

"त्याची अक्षरं बारीक आहेत ना. हातभर अंतरावरून ती वाचता येईनाशी झाली की कंदील संपला असं धरायचं. प्रमाण म्हणून ठेवलंय."

सिस्टर उठून बसल्या. मग उभ्या राहिल्या. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण काटेसाहेबांनी टॉर्च आपोआप खाली केला.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "पाच कंदील आत. माझं पुस्तकही आत. कंदील पुस्तक वाचतायत. आणि मी बाहेर जमिनीवर लोळतेय."

"अगं, फक्त दीड तास..."

"गप्प बसा! तीस दिवस मी गप्प बसलेय, आता तुम्ही बसा! मी तुमच्याकडे खात्रीचा कंदील मागितला होता का? मी कंदील मागितला होता! दहा तास नाही चालला, चार चालला असता. चार नाही, दोन चालला असता. मला अडीच तासच हवे होते हो! उरलेला अर्धा तास मी मेणबत्ती लावली असती! तुमच्या आईचं हाड मोडलं, मी परीक्षा सोडली. तुम्हाला कावीळ झाली, मी परीक्षा सोडली. तेव्हा कुणी तपासलं होतं का, मी किती भरते ते?"

सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं. त्यांनी कूस बदलून दाराकडे तोंड केलं.

"अरे, तिला पुस्तक दे," त्या म्हणाल्या.

पण सिस्टरांनी वाट पाहिली नाही. त्यांनी कागद टरकावला, दार उघडलं, कंदिलांमधून पुस्तक उचललं आणि पिशवीत टाकलं. एकाही कंदिलाला हात लावला नाही. चपला घातल्या.

"इस्पितळात जनरेटर आहे. कपड्यांच्या खोलीत बसेन. परीक्षा होईपर्यंत रोज साडेनऊला येईन. जेवण तुम्ही करा, आईंच्या गोळ्या तुम्ही द्या. पांढरी जेवणाआधी, गुलाबी जेवणानंतर."

दार लागलं. जिन्यावरून पावलं खाली गेली. वरच्या मजल्यावर ओव्हरसियरांचं दार कुरकुरलं, पण ते उतरले नाहीत, एवढं भान त्यांनाही होतं.

काटेसाहेब आतल्या खोलीच्या उघड्या दारात उभे राहिले. पाच कंदिलांचा झक्क उजेड बाहेर आला होता आणि त्यात त्यांना पायजम्याला लागलेली धूळसुद्धा दिसत होती. त्यांना संताप आला. दुकानदाराचा, ओव्हरसियरांचा, चिटणिसांचा, खिडकीतल्या बाईंचा, सूचना छापणाऱ्याचा, सगळ्यांचा. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे, त्यांनी साडेनऊपर्यंत नोंदी घेतल्या.

"कुठला जिंकला रे?" आईंनी विचारलं. त्यांनी वही मिटली आणि आईंच्या गोळ्या शोधायला घेतल्या.

पुढचे बारा दिवस काटेसाहेबांनी स्वयंपाक केला. भात रोज तळाला लागे. आता एक नाही, पाची कंदील घरभर जळत होते आणि त्यांच्या उजेडात वाचणारं कुणी नव्हतं. काटेसाहेब वर्तमानपत्र उघडत आणि एकाच ओळीवर थांबत. सिस्टर साडेनऊला येत, झाकून ठेवलेलं जेवत, ताट घासून ठेवत आणि झोपत. "मीठ?" काटेसाहेब विचारत. "आहे," त्या म्हणत. बारा दिवसांत एवढंच संभाषण झालं.

परीक्षेच्या दिवशी काटेसाहेबांनी एक कंदील विकत घेतला आणि चार परत केले. कुठला घेतला, ते मी मुद्दामच सांगत नाही. वरातीमागून आलेलं घोडं काळं होतं की पांढरं, याला काय महत्त्व? दुकानदारानं विचारलं, "साहेब, निकाल काय लागला?" काटेसाहेब पैसे मोजून निघाले. आणि चार दिवसांनी उपकेंद्राची दुरुस्ती संपली. नोटीस काढून टाकायला मात्र कुणी आलं नाही.

दोन महिन्यांनी परीक्षेचा निकाल लागला. सिस्टर उत्तीर्ण झाल्या होत्या, यादीत तिसऱ्या. संध्याकाळी इमारत अभिनंदनाला लोटली. ओव्हरसियर आले आणि रुसवा विसरून काटेसाहेबांचा हात धरून हलवला. चिटणीस पुष्पगुच्छ घेऊन आले. तो इमारतीच्या निधीतून आणल्यामुळे दोघांच्याही नावानं होता, आणि त्यांनी तो काटेसाहेबांच्या हातात दिला. चिटणिसांना बोलायची हौस. घसा साफ करून ते म्हणाले, "सिस्टरांच्या या यशामागे काटेसाहेबांचे परिश्रम आहेत, हे विसरून चालणार नाही. भर अंधारात त्यांच्या घरात पाच पाच कंदील जळताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. गच्चीचा सहभाग मी सांगत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि काटेसाहेबांनी, अठ्ठावीस वर्षांत कुणाचा एक ग्रॅम जास्तीचा न घेतलेल्या माणसानं, मान किंचित झुकवून ते मान्य केलं.

सिस्टरांनी ते पाहिलं.

"तुम्हाला एक गंमत सांगते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या पेपरात पहिलाच प्रश्न होता. कक्षात रुग्ण अत्यवस्थ आहे, अचानक वीज गेली, जनरेटर सुरू होत नाही. परिचारिका प्रथम काय करील? दहा गुण."

"अरे वा! मग काय लिहिलंत?" चिटणिसांनी विचारलं.

"हाताला लागेल तो दिवा उचलून रुग्णाजवळ जाणे. एवढंच."

"पण दिवा कुठल्या प्रकारचा, ते लिहायला हवं होतं," ओव्हरसियर म्हणाले. "त्यात फरक असतो."

"तो फरक बघत बसलं तर पेशंट जातो," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. पण त्या ओव्हरसियरांकडे बघत नव्हत्या.

आईंना ऐकू आलं नसावं असं सगळ्यांना वाटलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दहा गुण म्हणजे बरेच झाले."

काटेसाहेबांचे कान लाल झाले. सवयीनं त्यांना राग आला. तो कुणावर काढावा म्हणून त्यांनी खोलीभर पाहिलं. चिटणीस होते, ओव्हरसियर होते, दोघेही हक्काचे. पण या वेळी राग जिथं जायला हवा होता तिथंच गेला. हातातला पुष्पगुच्छ त्यांनी सिस्टरांच्या हातात दिला.

"माझा काही संबंध नाही यात," ते जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी तिला तीस दिवस अंधारात बसवलं. ती पास झाली ती माझ्याशिवाय."

सिस्टरांनी पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला. राग गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता.

"मग उभे काय राहिलात?" त्या म्हणाल्या. "चहा टाका सगळ्यांना."

काटेसाहेब स्वयंपाकघरात गेले. बाहेर किती माणसं आहेत ते त्यांनी मोजलं नाही, भांड्यात अंदाजानं पाणी घेतलं आणि साखरेच्या डब्यात चमचा न शोधता हात घातला.